अंगणात डाळिंब लावताय? मग एवढं ऐका

रोपवाटिकेतून 'भगवा' किंवा 'गणेश' जातीची गुटी कलमंच (झाडाच्या फांदीलाच मुळं फोडून केलेली रोपं) आणा, बियांपासून केलेल्या झाडाचा भरवसा नसतो. दिवसभर ऊन आणि पाण्याचा निचरा, या दोन गोष्टींत तडजोड नको. काटे चांगलेच बोचतात, म्हणून मुलांच्या वाटेपासून लांब लावा. बुंध्यातून तीन-चार खोडं राखा, बाकीचे फुटवे दिसले की काढा.

झाड दोन वर्षांचं झालं की पाण्याचा ताण द्यायला शिका, खरी गंमत तिथंच आहे. डिसेंबरात पाणी तोडा. पानं पिवळी पडून गळतील, तेव्हा घाबरून पाणी घालू नका! जानेवारीत हलकी छाटणी करा, शेणखत घाला, मग पाणी सुरू करा. आधी लालसर पालवी येईल, मग कळ्या. फुलं हातात घेऊन बघा: तळाशी निमुळती, घंटेसारखी असतात ती नर, ती गळणारच. तळ फुगीर असेल तिथं फळ धरतं.

फळं वाढताना पाणी थोडं पण नेमानं द्या. कोरड्यानंतर एकदम भरपूर दिलंत तर हमखास तडकतात. लिंबाएवढी झाली की कापडी पिशव्या बांधा, अळीपासून वाचतील.