अॅडॅप्टिव्हमध्ये उत्तरासोबतची जादा माहिती: डेटासेव्हर वापरा

अॅडॅप्टिव्ह ही फंक्शनची किंमत कुठल्या बिंदूंवर काढायची हे स्वतः ठरवणारी पायथन लायब्ररी. तुमची अडचण थोडक्यात अशी: फंक्शन आतमध्ये सॉल्व्हर (समीकरण टप्प्याटप्प्याने सोडवणारा कोड) चालवतं, त्याची किंमत लर्नर वन-डीला, म्हणजे एका चलासाठी पुढचे बिंदू निवडणाऱ्या ऑब्जेक्टला, मिळते, पण किती आवर्तनं लागली, किती वेळ गेला, सॉल्व्हर स्थिरावला का, हे सगळं हरवतं. त्यासाठी केलेली ग्लोबल लिस्ट शेवटी रिकामीच निघते.

ती रिकामीच राहणार. लर्नरने सुचवलेल्या बिंदूंवर फंक्शन चालवणारा रनर एरवी ते वेगळ्या प्रोसेसमध्ये चालवतो. तिथल्या लिस्टमध्ये भर पडते, पण ती तिथेच राहते. मूळ प्रोसेसकडे परत येतं ते फक्त रिटर्न केलेलं. म्हणून जे हवं ते सगळं रिटर्न करा.

फंक्शनमधून एक डिक्शनरी परत द्या: ‘वाय’ (म्हणजे किंमत), ‘वेळ’, ‘आवर्तनं’, ‘स्थिरावला’. मग नेहमीचा लर्नर बनवून तो डेटासेव्हरमध्ये, म्हणजे जादा माहिती जपून ठेवणाऱ्या अॅडॅप्टिव्हच्याच वेष्टणात, गुंडाळा आणि आर्ग पिकर (उत्तरातला कुठला भाग लर्नरला द्यायचा ते निवडणारं फंक्शन) म्हणून पायथनच्या ऑपरेटर मॉड्यूलमधला आयटमगेटर द्या, ‘वाय’ या कीसाठी. रनरला हा गुंडाळलेला लर्नरच द्यायचा. समजा, एक्स ०.४ ला किंमत ०.८३ आली. आतल्या लर्नरला फक्त ०.८३ कळतं, पुढचा बिंदू कुठे घ्यायचा हे तो त्यावरूनच ठरवतो. अख्खी डिक्शनरी मात्र डेटासेव्हरच्या एक्स्ट्रा डेटामध्ये ०.४ या कीखाली जमा होते.

ही नोंद आलेखापुरती ठेवू नका. लर्नर जिथे बिंदूंची गर्दी करतो तिथे खरोखरच तीव्र वळण आहे, की सॉल्व्हर न स्थिरावता भलतीच किंमत देतोय, हे ‘स्थिरावला’ पाहिल्याशिवाय कळत नाही. चुकीच्या एका किमतीभोवती लर्नर इमानेइतबारे बिंदू टाकत राहतो. मी तर ही खूण प्रत्येक महागड्या फंक्शनला लावतोच. थांबायची अटसुद्धा एक्स्ट्रा डेटावर लिहिता येते, म्हणजे ‘वेळ’ची बेरीज मर्यादेपलीकडे गेली की थांब, अशी.

एक्स्ट्रा डेटातला क्रम उत्तरं आली तसा असतो, त्यामुळे आलेखाआधी एक्सनुसार लावून घ्या.

मोठे अॅरे डिक्शनरीत कोंबू नका. प्रत्येक अॅरे प्रोसेसमधून प्रोसेसकडे पाठवावा लागतो आणि मेमरीत साठत जातो. तो फंक्शनमध्येच डिस्कवर लिहा, परत फक्त फाइलचा पत्ता द्या.

सेव्ह केलं की एक्स्ट्रा डेटाही त्याच फाइलमध्ये जातो. लोड करताना लर्नर पुन्हा डेटासेव्हरमध्ये गुंडाळूनच करा. नुसत्या लर्नर वन-डीला ती फाइल वाचता येणार नाही.