घर बांधताना प्लॅन असला की पुरे, सेक्शन लागत नाही – हे खरं आहे का?

तुम्ही लिहिलंय की काम जोत्यापर्यंत आलंय, घर दुमजली आहे, जिना आतूनच आहे आणि ठेकेदार म्हणतो, ‘प्लॅन हातात आहे, सेक्शन कशाला?’ माझं उत्तर सरळ आहे: सेक्शन, म्हणजे घराच्या उभ्या छेदाचा नकाशा, लागतो, आणि तुमच्या बाबतीत कॉलम उभे राहायच्या आधी लागतो. मी साइटवर काम करणारा सिव्हिल इंजिनिअर आहे, त्यामुळे जे डोळ्यांनी पाहिलंय तेच सांगतो.

प्लॅन हासुद्धा एक प्रकारचा सेक्शनच असतो. जमिनीपासून साधारण 4 फुटांवर घर आडवं कापलं आणि वरून बघितलं, तर जे दिसेल ते प्लॅनमध्ये येतं. लांबी-रुंदी सगळी कळते. उंची मात्र त्यात कुठेच नसते. सेक्शनमध्ये तेच घर उभं कापलेलं असतं, म्हणून पायापासून कठड्यापर्यंत काय कशावर बसलंय ते दिसतं.

नोकरीच्या दुसऱ्या वर्षी माझ्याकडे एक बंगला होता. जिन्याच्या मधल्या लँडिंगखाली (दोन टप्प्यांमधल्या सपाट जागेखाली) बाथरूम दाखवलेली होती. प्लॅनवर अगदी चोख बसत होती, दार, नळ, सगळं. सेक्शन कुणी काढलाच नव्हता, आणि मीही मागितला नाही. मजल्याची उंची 10 फूट, पायरी 6 इंचांची, म्हणजे 20 पायऱ्या, 10-10 चे दोन टप्पे. लँडिंग आलं 5 फुटांवर. स्लॅब आणि वरच्या फरशीची जाडी वजा केली तर खाली उरले जेमतेम साडेचार फूट. सेंट्रिंग (स्लॅब भरताना खाली दिलेला तात्पुरता आधार) काढल्यावर घरमालकाच्या वयस्कर आई आत जाऊन बघायला लागल्या आणि दारातच वाकल्या. त्यांचा तो वाकलेला चेहरा मला अजून आठवतो. त्या जागेत शेवटी अडगळ भरली, आणि बाथरूमसाठी मागे वेगळं बांधकाम करावं लागलं.

कागदावर हे आधीच सुटलं असतं. पहिल्या टप्प्यात 14 आणि दुसऱ्यात 6 पायऱ्या घ्यायच्या, लँडिंग 7 फुटांवर जातं. बाथरूमची जमीन अर्धा फूट खाली घेतली की जवळपास 7 फूट मोकळे मिळतात. पण 14 पायऱ्यांना 13 ट्रेड (पाय ठेवायच्या सपाट जागा) लागतात, 10 इंचांप्रमाणे 10 फूट 10 इंच. 10 पायऱ्यांच्या टप्प्याला साडेसात फूट पुरत होते. म्हणजे जिन्याची खोली 3 फूट 4 इंचांनी जास्त लांब हवी, आणि ते कॉलम उभे राहायच्या आधीच ठरवायला हवं. (जमीन खाली घेतली की सांडपाण्याच्या पाइपला उतार मिळतो का, तेही त्याच सेक्शनवर तपासायचं.)

जिन्याचीच आणखी एक गोष्ट. बऱ्याच घरांत पहिली किंवा शेवटची पायरी बाकीच्यांपेक्षा इंच-दीड इंच कमीजास्त असते आणि माणसं तिथेच ठेचकाळतात. मिस्त्री स्लॅबपासून स्लॅबपर्यंत मोजून पायऱ्या पाडतो. नंतर खोलीत मसाला आणि टाइल मिळून 2 इंच चढतात, पायरीवर त्याहून कमी. हिशेब तिथे चुकतो. सेक्शनवर लेव्हल तयार फरशीची लिहिलेली असेल, तर ही चूक होत नाही.

दुसरी जागा म्हणजे वरच्या मजल्याचं संडास-बाथरूम. तिथला स्लॅब फूटभर खाली सोडायचा असतो, कारण पाइप आणि ट्रॅप (पाणी साठवून वास अडवणारा भाग) त्यात बसतात. किती सोडायचा, कडेचा बीम किती खोल हवा, खाली स्वयंपाकघरात मोकळी उंची किती राहते, हे प्लॅन सांगत नाही. स्लॅब भरल्यावर प्लंबर आला की बीमला भोक पाडायची पाळी येते. तसं कुणालाही करू देऊ नका.

तिसरं, तुमचं घर कोकणात असेल तर खिडकीवरून कापलेला एक सेक्शन मोठ्या स्केलवर मागा. छज्जाच्या खालच्या कडेला पाणी तोडणारी खाच आहे का, खिडकीच्या उंबऱ्याला बाहेर उतार आहे का, एवढंच बघायचं. छज्जावरून आत वळलेलं पाणी भिंतीत मुरतं.

आता मंजुरीच्या नकाशात एक सेक्शन असतोच, तुमच्याकडेही असेल. पण तो बहुतेक वेळा सोप्या जागेतून, एखाद्या बेडरूममधून कापलेला असतो, कारण तिथे उंचीचे नियम दाखवून भागतं. त्यावर बांधकाम करता येत नाही. आर्किटेक्टला स्पष्ट सांगा: एक सेक्शन जिन्यातून, एक संडास-बाथरूममधून, आणि प्रत्येक लेव्हल आकड्यात लिहिलेली. झेरॉक्सवर पट्टी लावून माप काढू नका, झेरॉक्समध्ये स्केल बदलतं.

ठेकेदाराशी भांडू नका. त्याला फक्त विचारा, ‘लँडिंग जोत्यापासून किती फुटांवर येणार?’ तो तोंडी आकडा सांगेल, तो कागदावर लिहून घ्या आणि आर्किटेक्टला दाखवा. मजल्याची उंची आणि जिन्याच्या खोलीचं आतलं माप इथे टाकलंत तर पायऱ्यांचा हिशेब मी करून देतो.