घरच्या प्रिंटरवर कव्हरच्या दोन्ही बाजू जुळतात का, हे कसं तपासायचं?

जाड कागद लगेच घालू नका. आधी साध्या कागदावर दोन्ही बाजूंना, कोपऱ्यांत आणि मधोमध, बारीक फुल्या छापा. स्केल १०० टक्केच ठेवा. 'फिट टू पेज' (पान कागदात बसवायला लहान-मोठं करणारी सेटिंग) चालू राहिलं तर पुढचं सगळं मोजमाप फुकट. मग पुढच्या बाजूच्या फुलीच्या बरोबर मध्यावर टाचणी टोचा आणि कागद उलटा. मागची फुली भोकापासून जितकी लांब, तितकी मागची बाजू फाइलमध्ये भोकाकडे सरकवा. कोपऱ्याकोपऱ्यात फरक वेगळा आला तर कागद तिरका ओढला जातोय. ट्रेमधल्या पट्ट्या कागदाला नीट टेकवा. मागचा मजकूर डोकं खाली असा उलटा आला तर दोन्ही बाजू छापायच्या सेटिंगमध्ये 'लाँग एज'ऐवजी (लांब कडेवर उलटणं) 'शॉर्ट एज' (आखूड कडेवर उलटणं) निवडा (हे बऱ्याचदा होतं). एवढं करूनही थोडी सरक राहतेच, म्हणून कडेलगत चौकट टाळा आणि रंग कापायच्या रेषेबाहेर ३ मिमी जाऊ द्या.