शिट्टी नावावर वाजते का?

प्रश्न : माझा मुलगा १६ वर्षांचा, एका क्लबकडून बास्केटबॉल खेळतो. गेल्या वर्षी समोरचा मुलगा उडी मारून याच्या पायावर उतरला आणि त्याचा घोटा मुरगळला. तेव्हापासून ‘हा घाण खेळतो’ असं नाव पडलंय. आता नुसता जवळ गेला तरी फाउल! क्लब बदलावा का?
— एक आई, बोरिवली

उत्तर : ताई, वाजते. नावावर शिट्टी वाजते, आणि पंच म्हणून मीही वाजवलीय.

नागपाड्यातला सामना. पहिला पाऊस नुकताच पडून गेलेला, सिमेंटचं कोर्ट ओलं. एका संघात एक धसमुसळा म्हणून गाजलेला पोरगा होता. समोरचा मुलगा पडला आणि बघायच्या आधीच मी शिट्टी फुंकली. अनस्पोर्ट्समनलाइक, म्हणजे खिलाडूपणा सोडून केलेला फाउल : समोरच्यांना दोन फ्री थ्रो (कुणी न अडवता मारायचे फटके), वर चेंडूही त्यांनाच. मग खाली लक्ष गेलं. घसरल्याची लांब रेघ उमटली होती, आणि ती या पोरापासून चांगली दोन हात लांब सुरू झाली होती. मी ती पाहिली, तरी निर्णय फिरवला नाही. पोरगा काही बोलला नाही. आजही तो हात पसरून उभा दिसतो.

मोठ्या पंचांचंही असं होतं. १९८७ची एनबीए, म्हणजे अमेरिकेतल्या व्यावसायिक लीगची प्लेऑफ, बोस्टन विरुद्ध डेट्रॉइट. डेट्रॉइटचा बिल लेंबीर म्हणजे लीगभर बदनाम माणूस. पाचव्या सामन्यात बोस्टनच्या रॉबर्ट पॅरिशने त्याला सर्वांदेखत ठोसे मारले. फाउल? एकही नाही! लीगने मागाहून पॅरिशला पुढच्या सामन्यातून बाहेर बसवलं, पण त्या क्षणी शिट्टी गप्प होती. का, ते तुम्हीच ओळखा.

आता तुमच्या चिरंजीवांकडे येऊ. राग मानू नका, पण दर वेळी पंचच चुकत असेल असं नाही. हवेत उडालेल्या शूटरला खाली उतरायची जागा असते. तिथे ऐनवेळी पाऊल सरकवणं ही फार जुनी चोरी आहे, कारण सगळ्यांचे डोळे चेंडूबरोबर वर गेलेले असतात. सॅन अँटोनिओचा ब्रूस बोवेन याच आरोपासाठी ओळखला जायचा. २०१७मध्ये त्याच संघाच्या क्वाय लेनर्डचा पाय गोल्डन स्टेटच्या झाझा पाचुलियाच्या पावलावर पडून मुरगळला. तेव्हा सॅन अँटोनिओ २३ गुणांनी पुढे होतं. सामना ११३-१११ असा हरलं. त्यांचे प्रशिक्षक पॉपोविच भयंकर चिडले. बोवेनही त्यांचाच खेळाडू होता, हे लोकांनी लगेच आठवून दिलं. पुढच्या मोसमापासून असा फाउल रीप्ले बघून ‘फ्लॅग्रंट’, म्हणजे गंभीर, ठरवायची मुभा पंचांना मिळाली.

पुढच्या सामन्याला बास्केटमागे उभ्या राहा आणि मोबाइलवर फक्त त्याच्या पायांचं शूटिंग करा. चेंडूकडे बघूच नका. शॉट अडवायला झेपावल्यावर तो शूटरच्या बाजूने निघून जातोय की त्याच्या खाली शिरतोय, ते घरी दोघांनी बसून बघा. खाली शिरत असेल तर क्लबच्या सरांना दाखवा; सवयच असेल, महिना-दोन महिन्यांत मोडेल. शिरत नसेल तर त्याने पंचाशी वाद घालायचा नाही, तोंडही वाकडं करायचं नाही. बदनाम पोराला टेक्निकल (गैरवर्तनाचा फाउल) द्यायला हात शिवशिवत असतात, हे अनुभवाने सांगतो.

क्लब बदलून काय होणार? एनबीएतल्या बदनाम रॉन आर्टेस्टने २०११मध्ये चक्क नावच बदलून ‘मेटा वर्ल्ड पीस’ घेतलं, म्हणजे जागतिक शांतताच. २०१२च्या एप्रिलमध्ये त्याच शांततेचं कोपर जेम्स हार्डनच्या डोक्यात बसलं. सात सामन्यांची बंदी!

प्रश्न : स्क्रीन लावताना (सहकाऱ्याला वाट मिळावी म्हणून समोरच्याच्या वाटेत उभं राहताना) कोपर थोडं बाहेर काढलं तर चालतं का?
— एक वाचक, घाटकोपर

उत्तर : कोपराचा प्रश्न घाटकोपरहूनच यावा! नाही चालत. पाय रोवून स्थिर उभं राहायचं, हात अंगाशी. एनबीएतला १५,८०६ असिस्टवाला (बास्केट करून देणाऱ्या पासवाला) जॉन स्टॉकटन स्वतः सहा फूट एक इंच, पण त्याच्या स्क्रीनला धिप्पाड सेंटरही वचकून असायचे. ‘घाण खेळतो’ अशी तक्रार त्याच्याबद्दलही होतीच. तुम्ही आधी तेवढे असिस्ट करा, मग कोपराचं बघू.