एका ‘म्हणजे’चे इंग्रजीत किती?

सांगलीच्या मार्केट यार्डात हळदीच्या एका पेढीवर मेल लिहायचं काम करणाऱ्या मुलानं विचारलंय, ‘काका, काही फोड करून सांगायचं असलं की मी सगळीकडे आय.ई. (i.e.) टाकतो. परवा त्यानंच घोटाळा झाला. आय.ई. कधी, ई.जी. (e.g.) कधी आणि नेमली (namely) कधी?’

घोटाळा असा. त्यानं समोरच्या पार्टीला लिहिलं, ‘प्लीज सेंड द पेपर्स, आय.ई. वेट स्लिप.’ आली नुसती काटापावती. बिल आलंच नाही. यात पार्टीचं काही चुकलं नाही. आय.ई. हे लॅटिन ‘इड एस्ट’चं लघुरूप, अर्थ ‘ते म्हणजे हे’. कागद म्हणजे काटापावती, विषय संपला, असंच कुणीही वाचेल. पोराच्या मनात होतं ‘काटापावती वगैरे’. त्याला ई.जी., म्हणजे उदाहरणार्थ. पण खरं सांगू का, तिथं ई.जी.सुद्धा नको होतं. माल अडतो तिथं ‘वगैरे’ कशाला? लागतील त्या कागदांची नावंच घालावीत.

आता नावं घालायची तर ‘नेमली’. ‘वुई सेल टू फॉर्म्स, नेमली फिंगर अँड बल्ब.’ हळकुंड आणि गड्डा. दोन म्हटलं, दोन्हींची नावं घेतली, यादी पुरी. जुन्या दस्तांत याच जागी व्हिज. (viz.) दिसतं. ते ‘व्हिडेलिसेट’. त्यातला झेड मुळात अक्षरच नव्हे. जुने लेखनिक शब्द तोडल्याची जी खूण करत ती झेडसारखी दिसायची, तीच पुढं छापली गेली. तुम्ही मात्र ते वापरू नका, नेमली बरं.

गोची होते ती आपल्या ‘म्हणजे’मुळं. जुन्या मराठीत ते ‘म्हणिजे’, अर्थात ‘म्हटलं जातं’. आता तो एकटा शब्द पाच गड्यांचं काम ओढतो. म्हणून इंग्रजी लिहिण्याआधी तिथं ‘म्हणजे’ काढून दुसरं मराठी बसवून बघा. ‘म्हणजेच’ बसलं तर दॅट इज, तेच आय.ई. ‘उदाहरणार्थ’ बसलं तर फॉर एक्झाम्पल, तेच ई.जी. त्याच्या शेपटाला एट्सेट्रा मात्र लावू नका, आपल्याकडं ‘उदाहरणार्थ अमुकतमुक वगैरे’ खपतं, इंग्रजीत ते दोनदा सांगितल्यासारखं होतं. अख्खं वाक्यच सोपं करून पुन्हा सांगायचं असेल तर इन अदर वर्ड्स. आणि ‘गाडी शनिवारी, नाही म्हणजे रविवारी सुटेल’ यातली जीभ सावरायला ऑर रादर.

जाता जाता ‘अर्थात’चं. वर मी तो ‘म्हणजेच’ या अर्थानं वापरला. पण ‘अर्थात येणार!’ यातला अर्थात म्हणजे ऑफ कोर्स. शब्दकोशात दोन्ही अर्थ शेजारी बसलेले असतात आणि पोरं हाताला लागेल तो उचलतात. एकानं ‘राजापुरी, अर्थात हळद’चं ‘राजापुरी, ऑफ कोर्स टर्मरिक’ केलेलं मी या डोळ्यांनी पाहिलंय.

आणि ‘हळद वाळली म्हणजे पॉलिशला टाकू’? इथं फोड करून सांगण्यासारखं काहीच नाही, नुसता काळ आहे. इथं वरचा एकही शब्द चालायचा नाही. सरळ वन्स लिहा: ‘वन्स इट ड्राइज, वुई विल पॉलिश इट.’