लाइट बिल वारलेल्या माणसाच्या नावावर असेल तर सोलरचं अनुदान मिळतं का?

तुम्ही लिहिलंय की बिल वारलेल्या सासऱ्यांच्या नावावर आहे, एजंट म्हणतो "काही अडचण येत नाही, ३ किलोवॅट टाका, ७८,००० परत येतात", तर कर्ज काढून बसवावं का?

अडचण येते. आमच्या घरी ती पाच महिने मुक्कामाला होती.

आमचं घर सातारा जिल्ह्यातल्या एका गावात आहे. अण्णा, म्हणजे वडील, २०१३ साली गेले. मीटर त्यांनीच घेतलेलं, बिलावर नाव त्यांचंच. मी, बायको आणि आई तिथे राहतो. दादा पुण्यात, ताई कोल्हापूरला. अकरा वर्षं बिल मी भरलं आणि त्या नावाकडे कुणाचं लक्षही गेलं नाही.

२०२४ च्या फेब्रुवारीत घराच्या छतावरच्या सोलरला अनुदान देणारी केंद्राची पीएम सूर्यघर योजना आली. मे महिन्यात मी अर्ज भरायला बसलो. अर्ज ग्राहक क्रमांकावर होतो, त्यामुळे नाव बिलावरचंच लागतं आणि अनुदान त्याच माणसाच्या खात्यात येतं. अण्णांचं खातं कधीच बंद केलेलं. व्हेंडरचा, म्हणजे सोलर बसवून देणाऱ्या कंपनीचा, माणूस म्हणाला, "अर्ज अण्णांच्या नावाने टाकू, खातं तुमचं देऊ, कुणी बघत नाही." मी त्याला तिथेच थांबवलं. नावं जुळली नाहीत की पैसे अडकतात, आणि तोवर आपण व्हेंडरचे सगळे पैसे चुकते केलेले असतात. आणि खरं सांगायचं तर, अण्णा जिवंत आहेत असं दाखवून सरकारकडे पैसे मागायचे, हे माझ्याच्याने झालं नसतं.

मग मीटर नावावर करून घ्यायचं ठरलं. लागतं काय? मृत्यूचा दाखला आणि बाकीच्या वारसांचं संमतीपत्र. मी दादाला फोन केला. वाटलं, दोन मिनिटांचं काम आहे.

दादा म्हणाला, "आज मीटर, उद्या घरपट्टी, परवा सातबारा."

हे वाक्य मी अजून विसरलेलो नाही. आईचं ऑपरेशन, गळणारं छत, अकरा वर्षांची बिलं, यांतलं काही त्याला त्या क्षणी आठवलं नाही. लाइट बिल हा राहत्या जागेचा पुरावा म्हणून चालतो, मालकीचा नाही. मीटर माझ्या नावावर झालं म्हणून घराची एक वीटही माझ्या नावावर होत नाही. हे मी त्याला तीनदा सांगितलं, ताईनेही सांगितलं. ताईची सही चौथ्या दिवशी आली. दादाचा कागद दोन महिने पुण्यात टेबलावर पडून होता.

शेवटी आईनेच मार्ग काढला. म्हणाली, "माझं नाव लावा. माझ्यावर तरी कुणाचा संशय नाही ना?" त्याच आठवड्यात दादाची सही आली.

पुढचं सगळं सरळ झालं. पॅनल बसले, वीज कंपनीचा माणूस येऊन तपासून गेला, घेतलेली आणि परत दिलेली वीज दोन्ही मोजणारं नेट मीटर लागलं, आणि त्यानंतर महिन्याभरात आईच्या खात्यात ६०,००० रुपये आले. पासबुक भरून आणल्यावर तिने ती ओळ दोनदा वाचून घेतली. तेव्हा पैसे येतात का, हा तुमचा प्रश्न असेल तर हो, येतात. पण काम पूर्ण झाल्यावर येतात. आधी सगळा खर्च आपला.

६०,००० का, ७८,००० का नाही, तर आम्ही २ किलोवॅटच बसवले. अनुदान पहिल्या दोन किलोवॅटला प्रत्येकी ३०,००० आणि तिसऱ्याला फक्त १८,००० असं आहे. तीनच्या पुढे ५ बसवा नाहीतर १० बसवा, ७८,००० वर एक रुपया जास्त मिळत नाही. एजंट तीन आणि पाचच्या गोष्टी करतो कारण त्याचा नफा पॅनलवर आहे. तुम्ही मागच्या बारा महिन्यांची बिलं काढा आणि युनिट मोजा. १ किलोवॅटला दिवसाला साधारण ४ युनिट धरा, पावसाळ्यात कमी. आमचा वापर महिन्याला २१० युनिट होता, म्हणून दोन पुरले. वर्षअखेरीस जी युनिट शिल्लक राहतात त्यांना आपण वीज घेतो तो दर मिळत नाही, त्यामुळे जास्तीचे पॅनल लावून कमाई होईल हा विचार सोडा. त्याआधी जुने ७५ वॅटचे पंखे काढून ३० वॅटच्या आतले, कमी वीज खाणारे बीएलडीसी पंखे लावले तर कदाचित तुमचंही दोनमध्ये भागेल. पंख्यांना हे अनुदान नाही, पण त्यांचे पैसे मला सोलरपेक्षा लवकर सुटलेले दिसले.

कर्जाचं म्हणाल तर घ्या. सरकारी बँका या योजनेत ३ किलोवॅटपर्यंत तारण न मागता देतात, व्याज वैयक्तिक कर्जापेक्षा बरंच कमी असतं. आमच्याकडून बँकेने १० टक्के मार्जिन घेतलं, म्हणजे तेवढा खर्च आम्ही खिशातून भरला. अनुदान आलं तसं आम्ही ते कर्जात भरलं, त्यामुळे आता हप्ता पूर्वीच्या बिलाएवढाच बसतो. मात्र व्हेंडर जो "बिनव्याजी हप्ता" देतो त्याच्या नादी लागू नका, ते व्याज कोटेशनमध्ये आधीच घातलेलं असतं. आणि पॅनल भारतीय बनावटीच्या सेलचे, म्हणजे डीसीआर, आहेत असं बिलावर लिहून घ्या. नसतील तर अनुदान विसरा.

हो, एक राहिलं. बॅटरी नसलेलं साधं ऑनग्रिड, म्हणजे वीज कंपनीच्या लाइनला जोडलेलं, सोलर लाइट गेली की भर उन्हातही बंद पडतं, लाइनवर काम करणाऱ्या वायरमनच्या जिवासाठी ते तसंच बनवलेलं असतं. लोडशेडिंगसाठी घेत असाल तर तुमचा हिशोबच वेगळा. शिवाय हे सगळं स्वतंत्र घराचं सांगितलं. सोसायटीत राहत असाल तर छतावर तुमच्या एकट्याचा हक्क नाही, तिथे सामायिक वापरासाठी किलोवॅटला १८,००० असा निराळा दर आहे. योजनेची मुदत २०२६-२७ पर्यंत आहे, फार रेंगाळू नका.

दादा अजूनही म्हणतो की पहिल्याच दिवशी आईचं नाव सुचवलं असतंस तर वाद झालाच नसता. असेल. पण तिचं वय ७४ आहे. आज ना उद्या ते मीटर पुन्हा कुणाच्या तरी नावावर करावं लागेल, आणि तेव्हा तोच कागद पुन्हा पुण्याला जाईल. घरात जो राहतो, जो बिल भरतो, त्याच्या नावावर मीटर असावं, यात मला आजही काही चूक दिसत नाही.

तुमच्याकडे सासूबाई असतील तर त्यांचं नाव लावा, नसतील तर मिस्टरांचं. व्हेंडरला ॲडव्हान्स देण्याआधी हे करा. दिरांची आणि नणंदेची सही लागेल. ती फोनवर मागू नका. दोघांनी मिळून त्यांच्या घरी जा, कागद आणि मागच्या वर्षाची बिलं सोबत न्या, आणि मीटरने घराची वाटणी बदलत नाही हे त्यांनी विचारायच्या आधी तुम्हीच सांगा. मी फोनवर मागितली होती.