रोज धावतो, पण अंग भरत नाही. धावणं बंद करू का?

तुम्ही लिहिलंय: दारव्हा तालुक्यातलं गाव, पोलीस भरतीची तयारी, वजन 58 किलो. रोज सकाळी 7 किलोमीटर जीव तोडून धावणं, संध्याकाळी 200 बैठका आणि 100 जोर. पण वजन जागचं हलत नाही आणि दंडही भरत नाहीत. म्हणून धावणं बंद करून नुसता व्यायाम करावा का?

भाऊ, धावणं बंद करू नका. ग्राउंडच्या, म्हणजे मैदानी चाचणीच्या, 50 मार्कांपैकी 20 मार्क 1600 मीटर धावण्याचे आहेत, 15 शंभर मीटरचे, 15 गोळाफेकीचे. धावणं सोडून वाढवलेलं अंग तिथे महागात पडेल. तुमचं अंग अडलंय ते तीन गोष्टींमुळे: रोज सारख्याच जोरात धावणं, ओझं न वाढणारा व्यायाम आणि कमी पडणारं जेवण.

धावण्यामुळे ताकद अडते हे खरं आहे, पण किती धावल्यावर ते बघा. 1980 साली रॉबर्ट हिक्सन या अमेरिकन शास्त्रज्ञाने एका गटाकडून आठवड्यात 5 दिवस वजनाचा आणि 6 दिवस दमसासाचा व्यायाम 10 आठवडे करून घेतला. त्यांची ताकद साधारण सातव्या आठवड्यापर्यंत वाढली, मग थांबली आणि शेवटी थोडी उतरली. दमसास मात्र कमी झाला नाही. म्हणजे आठवड्यात 11 वेळा अंग मोडल्यावर अडचण आली. तुमचं वेळापत्रक जवळपास तसंच आहे, रोज दोन वेळा आणि सुट्टीचा दिवस नाही. ते मोकळं केलं तर दोन्ही जमतं.

कसं मोकळं करायचं? कठीण धावणं आणि पायांचा व्यायाम एकाच दिवशी ठेवा, मध्ये निदान 6 तास सोडून. ऐकायला उलटं वाटेल, पण त्यामुळे पुढचा दिवस पायांना खरंच मोकळा मिळतो. सोमवारी सकाळी 400 मीटरचे 6 राउंड, दोन राउंडमध्ये 2 मिनिटं चालणं, संध्याकाळी पाय. मंगळवारी धावणं नाही, फक्त वरचं अंग. बुधवारी 5 किलोमीटर इतक्या सावकाश, की सोबतच्या पोराशी पूर्ण वाक्यात बोलता आलं पाहिजे. गुरुवारी सकाळी 60 ते 100 मीटरचे 6 स्प्रिंट आणि गोळ्याचा सराव, संध्याकाळी परत पाय, पण सोमवारपेक्षा एक सेट कमी. शुक्रवारी वरचं अंग, शनिवारी 8 किलोमीटर आरामात, रविवारी पूर्ण सुट्टी. आठवड्याचे 49 किलोमीटर 16 च्या आसपास येतील. घाबरू नका, 1600 मीटरचा वेळ सोमवारच्या राउंडांनी कमी होतो, रोजच्या धापा टाकण्याने नाही.

राउंडचा वेग ठरवूनच धावा. आत्ता 1600 ला 6 मिनिटं लागत असतील तर 400 मीटर 86 सेकंदांत. शेवटचा राउंड पहिल्यापेक्षा 4 सेकंदांहून जास्त मागे गेला, तर पहिला जास्त जोरात गेला असं समजा. अंतर टेपने मोजा. मोटरसायकलचा मीटर 100 मीटरच्या टप्प्यात सरकतो, त्यावर 400 मोजलं तर सगळा हिशोब चुकतो.

आता व्यायाम. 200 बैठका काढणाऱ्याचा दम वाढतो, मांडी नाही. 30 च्या पुढे सहज जाणारा व्यायाम स्नायू वाढवायला फारसा कामाचा नसतो, त्यावर ओझं टाकावं लागतं. गावात जिम नसली तरी युरियाची रिकामी पिशवी आहे. तिच्यात कोरडी रेती भरा. 10 लिटरच्या बादलीत साधारण 15-16 किलो रेती बसते, पण अंदाजावर राहू नका, धान्याच्या काट्यावर तोलून घ्या. पिशवी ठासून भरू नका, वरचा भाग मोकळा ठेवा म्हणजे हातात धरता येते. तोंड दुमडून सुतळीने दोनदा शिवा आणि वरून दुसरी पिशवी चढवा, कारण पिशवी फाटते ती शिवणीपाशीच. पावसाळ्यात ती उघड्यावर ठेवू नका. रेतीने पाणी धरलं की 20 ची पिशवी 23-24 ची होते आणि तुम्हाला वाटतं ताकद उतरली.

पायांच्या दिवशी पिशवी छातीशी कवटाळून बैठका, 4 सेट, प्रत्येकी 8 ते 12. पाठ गोल होऊ लागली की सेट संपला. मग पिशवी दोन्ही हातांत लोंबती धरून, गुडघे किंचित मोडून, ढुंगण मागे ढकलत खाली वाका आणि उभे राहा, 3 सेट. याने मांडीची मागची बाजू तयार होते आणि स्प्रिंटमध्ये हीच शीर भरते, म्हणून हा व्यायाम टाळू नका. शेवटी पोटऱ्यांसाठी ओट्याच्या पायरीवर टाचा अधांतरी ठेवून वर-खाली करणं, 3 सेट. वरच्या अंगाला सिंगल बारवर पुलअप, पाठीवर दप्तरात 5-10 किलो रेती घेऊन जोर, पिशवी जमिनीवरून पोटाकडे ओढणं आणि पिशवी खांद्यावरून डोक्यावर नेणं. प्रत्येकी 3-4 सेट, दोन सेटमध्ये 2 मिनिटं विश्रांती. आणखी एक-दोन निघाले असते असं वाटतानाच थांबा. सगळ्या सेटमध्ये 12 निघाले की 2 किलो रेती वाढवा. हे वहीत लिहा, डोक्यात ठेवाल तर महिनाभर त्याच वजनावर अडकाल. दर पाचव्या आठवड्यात सेट निम्मे करा.

शेतातलं काम हाही व्यायामच धरा. फवारणीचा 16 लिटरचा पंप भरून पाठीवर घेतला की 20 किलोच्या आसपास ओझं होतं आणि ते तासन्‌तास वाहायचं असतं. फवारणीच्या दिवशी संध्याकाळचा व्यायाम पूर्ण बंद. साबणाने अंघोळ, कपडे वेगळे, जेवण, झोप. 2017 साली आपल्याच यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने शेतकरी-शेतमजूर दगावले. फवारणीचं औषध लागलेल्या अंगाने धापा टाकत धावणं धोक्याचं आहे. सोयाबीन काढणीच्या आठवड्यातही पायांचा एकच दिवस ठेवा.

जेवणाचा हिशोब मांडतो. एक किलोमीटर धावायला दर किलो वजनामागे साधारण 1 कॅलरी लागते. म्हणजे 58 किलोच्या माणसाचे 7 किलोमीटर म्हणजे 400 कॅलरी, जवळपास दीड भाकर. ती दीड भाकर ताटात वाढली नाही तर वजन कुठून वाढणार? त्यावर स्नायू वाढायला आणखी 300 कॅलरी लागतील. प्रथिनं दर किलोला 1.6 ग्रॅम धरा, म्हणजे दिवसाला 93 ग्रॅम. 80 ग्रॅम पिठाच्या 4 ज्वारीच्या भाकरींतून 32, पाऊण वाटी कच्च्या तूर डाळीतून 25 च्या आसपास, अर्धा लिटर दुधातून 16, मूठभर शेंगदाण्यांतून 7. इथपर्यंत 80 झाले. उरलेले 13 म्हणजे 2 अंडी, किंवा अंडी चालत नसतील तर 25 ग्रॅम सोया वडी. हे तिन्ही वेळांत वाटून खा, सगळं रात्री नको.

घरात सोयाबीनचं पोतं असेल तर दाणे कच्चे किंवा नुसते भिजवून खाऊ नका. कच्च्या दाण्यात प्रथिनं पचू न देणारे घटक असतात, पोट फुगतं. रात्रभर भिजवा, पाणी फेका आणि कुकरमध्ये चांगले मऊ होईपर्यंत शिजवा. तालुक्याच्या दुकानातले मास गेनरचे, म्हणजे वजन वाढवायच्या पावडरचे डबे मला तरी पैशाचा अपव्यय वाटतात, त्यात बहुतेक साखरेसारखंच काहीतरी असतं. पैसे खर्च करायचेच असतील तर क्रिएटिन मोनोहायड्रेट ही ताकदीच्या व्यायामासोबत घ्यायची पावडर, रोज 3 ते 5 ग्रॅम, भरपूर पाण्यासोबत. मूत्रपिंडाचा त्रास असेल तर डॉक्टरांना विचारूनच. आणि कोणी अंग भरायचं इंजेक्शन सुचवलं तर त्याच्याकडे परत जाऊ नका.

वजन रोज बघू नका. आठवड्यातून एकदा, सकाळी संडासला जाऊन आल्यावर, त्याच काट्यावर. 150 ते 250 ग्रॅम वाढलं तर बरोबर चाललंय. दोन आठवडे काहीच हललं नाही तर एक भाकर आणि थोडं तेल-शेंगदाणे वाढवा, व्यायाम नाही. सकाळी अंथरुणातच 15 सेकंद नाडी मोजून 4 ने गुणा. नेहमीपेक्षा 7-8 ने जास्त आणि तीही सलग दोन-तीन दिवस येत असेल तर कठीण धावणं रद्द.

एप्रिल-मेमध्ये आपल्याकडे पारा 44-45 च्या घरात जातो, तेव्हा सहाच्या आत धावणं उरकलं पाहिजे. परत आल्यावर मीठ घातलेलं ताक.

राहिली जागा. डांबरी रस्त्यापेक्षा पांदण, म्हणजे शेतात जायची कच्ची वाट चांगली, पण काळ्या मातीची पांदण दोन वेळा दगा देते. पावसात माती बुटाला चिकटून एकेक पाय अर्ध्या किलोने जड होतो आणि उन्हाळ्यात भेगांत घोटा मुरगळतो. तेव्हा शाळेचं मैदान किंवा मुरमाचा रस्ता धरा. नडगी दुखू लागली तर बोटाने दाबून बघा. लांबवर दुखत असेल तर आठवडाभर धावणं निम्मं करा, पोटऱ्यांचा व्यायाम चालू ठेवा. पण एकाच बोटभर जागेवर कळ येत असेल, रात्रीही ठणकत असेल, तर धावणं त्याच दिवशी थांबवून हाडाच्या डॉक्टरांकडे जा. हाडाला बारीक तडा असला तर सुरुवातीच्या एक्स-रेत तो बऱ्याचदा दिसत नाही, त्यामुळे एक्स-रे साफ आला तरी दुखणं चालू असताना धावू नका. दोन-तीन आठवड्यांनी परत काढून घ्या. तोवर वरच्या अंगाचे दोन्ही दिवस आणि सायकल चालू ठेवता येते, दुखलं नाही तर.